मन उठत नाही, तेव्हा आधी हात उठवा



आपल्या कटंगीच्या भागात धानाची कापणी म्हणजे वर्षभराच्या घामाचे मोल हाती येण्याचा काळ. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्या वासाने आपली घरे पिढ्यान् पिढ्या भरली, त्याची कागदोपत्रीही नोंद झाली. परंतु याच दिवसांत कधी अवकाळी पाऊस येतो. कापलेल्या कडपा बांधीतच भिजतात, दाणा काळा पडतो, कोंब फुटतात. दुसऱ्या दिवशी ऊन पडते. शेजारी कडपा उलटवायला धावतात आणि एखाद्या घरचा कर्ता मात्र खाटेवर पडून राहतो. मुलगा म्हणतो, "बाबा, चला, कडपा पालटू." बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणतात, "तुम्ही जा. आता काय उरलं आहे?"

गाव म्हणते, आळशी झाला. घरचे म्हणतात, हिंमत सोडली. तो स्वतः म्हणतो, मी कुचकामी आहे. बहुधा तिघांचेही चुकते. हा माणूस आळशी असता तर चार महिने गुडघाभर चिखलात रोवणी, निंदण करता ना. त्याचे मन आजारी पडले आहे, किंवा आजाराच्या उंबरठ्यावर आहे. ही गत केवळ शेतकऱ्याची होते असे नाही. खाणीत काम करणाऱ्याची, परीक्षेत मागे पडलेल्या मुलाची, बाळंतपणानंतर गप्प झालेल्या सुनेची आणि मुले नागपूरला कामाला गेल्यावर एकट्या उरलेल्या म्हातारीचीही होते. या लेखात अशा वेळी काय करावे आणि काय करू नये, याचा विचार करू.

दुःख आणि आजार

पीक गेले, माणूस गेले, कर्ज चढले, तर दुःख होणारच. ते दुःख म्हणजे आजार नव्हे. दुःखी माणूस रडतो, पण नातू मांडीवर आला की क्षणभर हसतोही. उदासीनतेच्या आजारात मात्र हे हसू बंद होते. पुढील गोष्टींपैकी बऱ्याचशा जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक काळ दिसल्या, तर त्याकडे आजार म्हणून पाहावे : सतत उदास वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातही गोडी न वाटणे, झोप मध्यरात्री मोडणे किंवा दिवसभर पडून राहावेसे वाटणे, भूक जाणे, थोड्या श्रमाने थकणे, साध्या हिशेबातही मन न लागणे, आपण घराला ओझे झालो असे वाटणे आणि जगण्यापेक्षा मरण बरे असे विचार येणे.

पुष्कळदा हा आजार शरीराचे सोंग घेऊन येतो. विशेषतः आपल्या माताभगिनी मन उदास आहे असे म्हणत नाहीत; डोके दुखते, अंगाची आग होते, हातपाय गळतात असे सांगतात. पुरुषांमध्ये तो चिडचिड आणि दारू या रूपाने दिसतो. दारूने दोन तास विसर पडतो, पण ती झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशीची उदासी अधिक गडद करते. तसेच रक्त कमी असणे, थायरॉईडच्या गाठीचा विकार, मधुमेह यांमुळेही माणूस असाच मरगळतो. म्हणून एकदा दवाखान्यात जाऊन तपासून घेणे हे पहिले काम.

इच्छा आधी की काम आधी?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. खाटेवर पडलेल्या माणसाला आपण सारे एकच उपदेश करतो : "मन खंबीर कर, म्हणजे हात चालतील." तोही तीच वाट पाहत असतो. एके दिवशी सकाळी उमेद येईल, जगण्याला काही अर्थ आहे असे वाटेल आणि मग मी उठेन, असे त्याला वाटते. परंतु ती सकाळ येत नाही, आणि न येण्याला कारण आहे.

बोडीवर बसवलेला पाण्याचा पंप आठवा. सक्शन पाइप रिकामा असेल तर इंजिन कितीही फिरवा, पाणी चढत नाही. नुसती हवा घुमते. त्याच बोडीतले दोन बादल्या पाणी आधी पाइपात ओतावे लागते. मग धार लागते आणि एकदा लागली की चालू राहते. मनाचेही तसेच आहे. माणूस उदास झाला की बाहेर जाणे सोडतो. बाहेर जाणे सुटले की चार शब्द, चहाचा घोट, बैलाच्या पाठीवर फिरणारा हात, काम उरकल्याचे समाधान, हे सर्व सुटते. हीच मनाची रोजची भाकर. ती बंद झाली की मन आणखी उपाशी राहते आणि उपाशी मन आणखी आत शिरते. असे हे चक्र आहे. इच्छेची वाट पाहत बसल्याने ते तुटत नाही. इच्छा नसतानाही एखादे लहानसे काम हाताने केले, तर तेथे ते तुटू लागते. आधी हात, मागून मन.

गोव्यातील अनुभव

ही नुसती समजूत नव्हे. आपल्या देशात तिची परीक्षा झाली आहे. गोव्यात 'संगत' नावाची संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिने गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीनतेच्या बऱ्याच तीव्र आजाराच्या ४९५ रुग्णांवर एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून देण्यात आले. उरलेल्यांना त्यांच्या जोडीला ६ ते ८ बैठकांची सोबत मिळाली. ही सोबत देणारे डॉक्टर नव्हते. त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. ती तेथलीच, काही आठवडे शिक्षण घेतलेली साधी माणसे होती. त्यांनी उपदेश केला नाही. त्यांनी रुग्णाबरोबर बसून एवढेच पाहिले, की कोणते काम केल्यावर याला किंचित बरे वाटते, कोणते काम हा टाळतो, आणि या आठवड्यात त्यातले कोणते लहान काम, कोणत्या दिवशी, किती वाजता करता येईल.

तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात ३९ जण आजारातून बाहेर आले होते, तर सोबत मिळालेल्यांपैकी ६४ जण. पुढे आपल्याच मध्य प्रदेशात, सिहोर जिल्ह्यात, आशा कार्यकर्त्यांना हीच पद्धत शिकवण्याचे प्रयत्न झाले. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, लहान कामाने खरोखर फरक पडतो. दुसरी, ही मदत करायला मोठा पंडित लागतोच असे नाही. धीराने शेजारी बसणारा माणूस लागतो. मात्र शंभरातले ३६ जण तरीही पूर्ण बरे झाले नव्हते, हेही विसरू नये. त्यांच्यासाठी काय करावे ते पुढे सांगितले आहे.

सहा माणसे आणि एक विहीर

आपल्या दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात, बाबा आमटे वकिली करीत. १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपांच्या रानात ते व त्यांच्या पत्नी साधनाताई आपली लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर राहायला गेले. तेच आनंदवन. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

त्या सहा जणांची स्थिती मनात आणा. घरच्यांनी टाकलेले, गावाने हाकललेले, बोटे झडलेली. निराश होण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्यांना. बाबांनी त्यांच्यापुढे जीवनाच्या अर्थावर व्याख्यान दिले नाही. त्यांच्या हाती हत्यारे दिली आणि त्यांच्याबरोबर स्वतः त्या खडकात विहीर खणली. पाणी लागले, भाजीपाला झाला. सुरुवातीला लोक तो घ्यायला कचरत असत; हळूहळू ती भीतीही गेली. दान माणसाला लाचार करते आणि श्रम त्याला उभे करतो, ही बाबांची धारणा होती. ज्या दिवशी झडलेल्या बोटांनी खणलेल्या विहिरीचे पाणी दुसऱ्या कोणाची तहान भागवू लागले, त्या दिवशी 'मी कशासाठी जगतो' या प्रश्नाला त्या माणसांना उत्तर मिळाले असावे. उत्तर आधी आणि विहीर मागून, असा तो क्रम नव्हता.

आपल्या शास्त्रातही एक गोष्ट आहे. एलिया हा मोठा संदेष्टा. कर्मेल डोंगरावर विजय मिळवून आलेला, पण पाठोपाठ जिवावर बेतले तेव्हा रानात एका झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवदूताने त्याला रागावले नाही. झोपू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले आणि मग वाटेला लावले. देवाचा आवाज त्याने ऐकला तो नंतर. आणि त्या आवाजाने त्याला पुढचे काम व सोबती दिला. झोप, अन्न, चालणे, काम आणि सोबत, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एलियाची श्रद्धा कमी होती म्हणून तो खचला, असे कोणी म्हणणार नाही. मग आपल्या शेजाऱ्याला तरी तसे का म्हणावे?

हे प्रत्यक्षात कसे करावे?

१. काम अगदी लहान घ्यावे. 'उद्यापासून सगळी शेती सांभाळीन' हा संकल्प मोडतो आणि मोडल्यावर अधिक अपराधी वाटते. 'सकाळी सात वाजता खाटेवरून उठून तोंड धुवीन आणि धुऱ्यावरून एक चक्कर मारीन' एवढे पुरे. तेही जड वाटले तर अंगणापर्यंत जावे.

२. वेळ ठरवावी, मनाची लहर विचारू नये. गाय आपली लहर पाहून पान्हा सोडत नाही. धार काढायची वेळ झाली की जावेच लागते. ठरलेले काम तसेच करावे. 'वाटले तर करीन' असे म्हटले की ते होत नाही.

३. तीन प्रकारची कामे मिसळावीत. एक शरीराचे : आंघोळ, वेळेवर जेवण, उन्हात चालणे. एक हाताचे : दहा कडपा उलटवणे, दावे वळणे, परसात मेथी टाकणे, सुनेने असेल तर एक वेळचे तांदूळ निवडणे. एक माणसांचे : शेजारी पाच मिनिटे बसणे, बहिणीला फोन करणे, नातवाला शाळेत सोडणे.

४. वहीत लिहावे. काय केले आणि त्यानंतर मन किती हलके वाटले, याला दहापैकी गुण द्यावेत. उदास माणसाला वाटते, काहीच बदलत नाही. वही सांगते की सोमवारी दोन होते, गुरुवारी चार झाले. लिहिता येत नसेल तर मुलीने लिहावे.

५. एक दिवस चुकला तर नव्याने सुरुवात करावी. रोवणीत एक चूड वाकडी बसली म्हणून कोणी बांधी सोडून देत नाही.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी

'जा, काम कर' असे म्हणू नये; 'चल, मी येतो' असे म्हणावे. दोन्हींत फार अंतर आहे. त्याच्या वाटचे सगळे काम आपण करून टाकू नये, आणि सगळे त्याच्यावरही टाकू नये. एक टोक त्याच्या हाती द्यावे. 'तुझ्यापेक्षा अमक्याचे जास्त नुकसान झाले' ही तुलना करू नये. दुःख तराजूत घालून कमी होत नाही.

पीक बुडाले असेल तर शेजाऱ्याने एक काम त्याच दिवशी करावे. पीक विमा घेतलेला असल्यास नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. कापून वाळत घातलेले पीक अवकाळी पावसाने भिजले, तर कापणीनंतर १४ दिवसांपर्यंतच्या नुकसानीलाही, जेथे ही तरतूद लागू केलेली आहे तेथे, भरपाई मिळू शकते. १४४४७ या क्रमांकावर किंवा बँकेत, कृषी खात्यात सूचना देता येते. पण ज्याचे मन खचले आहे त्याचे पहिले तीन दिवस भिंतीकडे पाहण्यातच जातात आणि निराशा त्याचे दुसऱ्यांदा नुकसान करते. अशा वेळी त्याला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन जाणे, हीच खरी सांत्वना. कर्जाचेही तसेच : आकडा मनात फिरत राहिला की डोंगर होतो. कोणाचे किती, व्याज किती, पहिले कोणाचे, हे कागदावर मांडले की तो निदान मोजता येतो. बँकेत बोलायला जाताना बरोबर कोणीतरी जावे.

एवढ्याने भागत नाही तेव्हा

लहान कामे हा उपाय खरा, पण तो सर्वांना पुरत नाही. देवभक्त, कष्टाळू, लोकसेवेत बुडालेल्या माणसालाही हा आजार गाठतो. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा माणूस खातपीत नाही, उठत नाही, भलतेच बोलतो असे दिसले, तर डॉक्टरांकडे न्यावे. उदासीनतेवरची औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी नसतात. त्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य, प्रशिक्षित माणसाशी बोलता येते.

मरणाचे बोलणे कोणी केले तर ते हसण्यावारी नेऊ नये. 'माझ्यानंतर यांचे बघा' असे म्हणणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होऊन निरवानिरव करू लागणे, या खुणा ओळखाव्यात. सरळ विचारावे : "तुला जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते आणि भार हलका होतो. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

फवारणीची औषधे घरात, खाटेखाली, माळ्यावर ठेवू नयेत. कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. उरलेले औषध साठवू नये. मरणाची तीव्र ऊर्मी बहुधा थोडा वेळच टिकते. त्या वेळात विष हाताशी नसेल तर पुष्कळ जीव वाचतात आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात. श्रीलंकेने अतिविषारी शेती औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्या फार मोठ्या प्रमाणात घटल्या, आणि शेतीचे उत्पादनही घटले नाही.

दुर्दैवाने कोणी विष घेतलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. त्याने अपाय होऊ शकतो. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे व औषधाची बाटली बरोबर न्यावी. पोलिसांच्या भीतीने कित्येक घरे उशीर करतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ असे मानतो की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो आणि त्याला उपचार देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम ठेवलेले नाही. तेव्हा न डरता, न लपवता, आधी जीव वाचवावा.

शेवटचा शब्द

'माझ्या जगण्याचा हेतू काय?' हा प्रश्न खाटेवर पडून सुटत नाही. तेथे त्याचे एकच उत्तर येते, आणि ते आजाराने दिलेले असते. तो प्रश्न थोडा बदलून विचारावा : 'आज माझ्या हाताची कोणाला गरज आहे?' दाव्याला बांधलेल्या गायीला आहे. तहानलेल्या मेथीच्या वाफ्याला आहे. बाबा उठतील का, म्हणून दारातून वाकून पाहणाऱ्या मुलाला आहे. हेतू मोठा असावाच लागतो असे नाही. आजच्या दिवसाला पुरेल एवढा असला तरी चालतो. उद्याचा उद्या सापडेल.

वाचकहो, हा लेख वाचताना कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला असेल, तर पान मिटून आजच त्याच्या घरी जा. कडपा अजून ओल्या आहेत, ऊन आहे तोवर दोघे मिळून पालटा. आणि तो चेहरा तुमचा स्वतःचाच असेल, तर शेजाऱ्याला हाक मारा. त्याला एवढेच सांगा, "मला एकट्याला उठवत नाही, जरा चल माझ्याबरोबर." आजच्या दिवसाचे पहिले काम तेच.